बँडचा गायक एकटा गातो तेव्हा: सोलो अल्बम ऐकायला सुरुवात कशी करावी

आवडत्या रॉक बँडच्या मुख्य गायकाने स्वतःच्या नावावर एखादा शांत, गिटार आणि आवाज एवढ्यावर उभा असलेला अल्बम काढला की चाहते तो उत्सुकतेने लावतात, तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत ड्रम्स कधी येतील याची वाट बघतात आणि मग बंद करतात. मला याचं फार वाईट वाटतं. रॉक संगीतातलं काही अतिशय जिवाभावाचं काम याच अल्बममध्ये आहे आणि ते ऐकायला थोडी वेगळी तयारी लागते, एवढंच. ती तयारी कशी करायची, पहिला अल्बम कोणता घ्यायचा, त्यात काय ऐकायचं आणि तिथून पुढे कुठे जायचं, हे इथे पायरीपायरीने लिहितो आहे. संगीताचं शिक्षण असायला हवं असं काही नाही. बऱ्यापैकी हेडफोन आणि सलग पाऊण तास मिळाला की पुरे.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकतो. असा अल्बम ऐकताना बँडमधलं काय काय गेलं याची यादी करत बसू नका. बँड बाजूला झाल्यावर त्या माणसाच्या आवाजाचं आणि शब्दांचं काय झालं, तिकडे कान लावा. बाकीच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: बँडमध्ये हा माणूस नेमकं काय करत होता?

मंचावर पुढे उभा राहून गाणारा गाणी लिहीत असेलच असं नाही. कुठे गिटारवादक चाल बांधतो आणि गायक शब्द लिहितो, कुठे सगळे एका खोलीत बसून गाणं घडवतात. अल्बमवर छापलेल्या नावांवरून हे कळेल याचीही खात्री नसते. आर.ई.एम.च्या गाण्यांखाली चौघांचीही नावं असत. क्वीनमध्ये ज्याने गाणं लिहिलं त्याचं नाव लागायचं, पण १९८९ च्या 'द मिरॅकल'वर सगळी गाणी 'क्वीन' या एकाच नावावर गेली. बीटल्समधली लेनन आणि मॅकार्टनी यांची गाणी दोघांपैकी कुणीही लिहिलेली असली तरी जोडनावानेच छापली जात.

त्यामुळे सोलो अल्बममधून बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १९७० हे वर्ष त्यासाठी बघण्यासारखं आहे. एप्रिलमध्ये पॉल मॅकार्टनीचा 'मॅकार्टनी' आला, डिसेंबरमध्ये जॉन लेननचा 'जॉन लेनन/प्लास्टिक ओनो बँड'. पहिल्यात एक माणूस घरी बसून एकामागून एक सगळी वाद्यं स्वतः वाजवतो आहे, काही तुकडे तर अर्धवट गुणगुणल्यासारखे आहेत. दुसऱ्यात बहुतेक वेळ तिघेच जण वाजवताहेत आणि गाणारा आपल्या गेलेल्या आईला हाका मारतो आहे. हे दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकले की एका सहीखाली किती वेगळी दोन माणसं राहत होती, ते ऐकू येतं.

तेव्हा पहिलं काम असं करा. ज्या बँडच्या गायकाकडे जायचं आहे, त्या बँडची तुमची आवडती पाच-सहा गाणी घ्या आणि त्यांचे शब्द कुणाचे, चाल कुणाची हे बघून ठेवा. गायक फक्त शब्द लिहीत असेल, तर सोलो अल्बममध्ये चाली कुठून आल्या हा प्रश्न मनात घेऊन ऐका. तो सगळंच लिहीत असेल, तर उलटा प्रश्न: बाकीच्यांनी त्याच्या गाण्यात काय घातलं होतं?

पायरी २: अल्बम कोणत्या परिस्थितीत झाला ते बघा

याला फार वेळ घालवायला नको. बँड तुटल्यावर, बँड सोडल्यावर किंवा बँड चालू असताना, या तीनपैकी एक काहीतरी असतं. पीटर गॅब्रिएलने १९७५ मध्ये जेनेसिस हा आपला बँड सोडला आणि १९७७ मध्ये पहिला अल्बम काढला, त्यातलं 'सॉल्सबरी हिल' हे गाणं सोडून जाण्याच्या त्या निर्णयाबद्दलच आहे. साऊंडगार्डन हा बँड १९९७ मध्ये थांबला आणि १९९९ मध्ये त्याच्या गायकाचा, क्रिस कॉर्नेलचा, 'युफोरिया मॉर्निंग' आला. एलियट स्मिथचा 'रोमन कँडल' मात्र १९९४ चा, म्हणजे त्याचा गोंगाटी बँड हीटमायझर चालू असतानाचा.

बँड चालू असताना आलेले अल्बम मला जास्त खुणावतात. तुटलेल्या बँडनंतरच्या अल्बमवर जगाला काहीतरी दाखवून देण्याचं ओझं असतं. चालू बँडच्या गायकाला तसलं काही सिद्ध करायचं नसतं. त्याच्याकडे काही गाणी साठलेली असतात, बँडमध्ये ती बसत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

पायरी ३: पहिला अल्बम निवडा

एकच निवडा. चार डाऊनलोड करून सगळ्यांची पहिली दोन गाणी ऐकणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

तुम्ही जोरकस, भरगच्च रॉकचे चाहते असाल आणि एकदम शांततेत उडी मारवत नसेल, तर कॉर्नेलच्या 'युफोरिया मॉर्निंग'पासून सुरू करा. त्यात ड्रम्स आहेत, विजेच्या गिटारी आहेत, पण गाण्यांची बांधणी साऊंडगार्डनपेक्षा कितीतरी नाजूक आहे. इलेव्हन या बँडमधल्या अ‍ॅलन जोहान्स आणि नताशा श्नायडर यांच्यासोबत त्याने तो केला. २०१५ मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा नावात एका अक्षराची भर पडून तो 'युफोरिया मोर्निंग' झाला. इंग्रजीतल्या 'सकाळ' या शब्दाच्या जागी 'शोक' आला आणि कॉर्नेलच्या मनात मुळात तेच नाव होतं.

पर्ल जॅम आवडत असेल तर त्याच्या गायकाचा, एडी व्हेडरचा, २००७ चा 'इन्टू द वाइल्ड' घ्या. हे एका चित्रपटाचं संगीत आहे, अर्ध्या तासाहून थोडंच जास्त, गाणी आखूड, आवाज खालच्या पट्टीत. नवख्या कानाला इतका सोपा दुसरा अल्बम मला माहीत नाही. मात्र त्यातली 'हार्ड सन' आणि 'सोसायटी' ही दोन गाणी त्याने लिहिलेली नाहीत, हे लक्षात असू द्या.

संगणकावर घडवलेले आवाज आवडणाऱ्यांसाठी रेडिओहेडचा गायक थॉम यॉर्क याचा २००६ चा 'द इरेझर' आहे. एकट्याचा अल्बम म्हणजे लाकडी गिटार असलीच पाहिजे, हा समज त्याने मोडतो. गंमत अशी की, त्याच्या शीर्षकगीताचा पाया रेडिओहेडच्याच जॉनी ग्रीनवुडने वाजवलेल्या पियानोच्या तुकड्यांवर उभा आहे. एकटा निघालेला माणूसही सोबत्याचा हात पूर्ण सोडत नाही.

पॅरामोरच्या चाहत्यांनी हेली विल्यम्सचे दोन अल्बम ओळीने ऐकावेत. २०२० चा 'पेटल्स फॉर आर्मर' बँडमधल्याच टेलर यॉर्कने निर्माता म्हणून, म्हणजे रेकॉर्डिंगला दिशा देणारा म्हणून, सांभाळला. २०२१ च्या 'फ्लॉवर्स फॉर व्हासेस / डेस्कान्सोस'मध्ये सगळं लिहिणं आणि सगळं वाजवणं तिचं एकटीचं, तेही घरी. दोन्हींच्या मध्ये वर्षही उलटलेलं नाही आणि तरी खोली बदलल्यासारखी वाटते.

आणि ज्यांना सरळ गाभ्याशी जायचं आहे त्यांनी ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' घ्यावा. माझी निवड विचाराल तर हीच, म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

पायरी ४: बारीक अक्षरं वाचा

अल्बमची श्रेयनामावली ऐकण्याआधी वाचा, नंतर नाही. कोणी वाजवलं, निर्माता कोण आणि रेकॉर्डिंग कुठे झालं, या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

यातून काय कळतं, याचं उदाहरण 'प्लास्टिक ओनो बँड'. नावात बँड आहे, पण बहुतेक गाण्यांत लेनन स्वतः, बासवर क्लाऊस फोरमन आणि ड्रम्सवर रिंगो स्टार, एवढेच. निर्मात्यांमध्ये लेनन आणि योको ओनो यांच्याबरोबर फिल स्पेक्टरचं नाव आहे. हा स्पेक्टर डझनावारी वादक एका खोलीत कोंबून आवाजाची भिंत उभी करण्यासाठी प्रसिद्ध होता. तो असूनही अल्बम इतका उघडाबोडका आहे, म्हणजे हा रितेपणा ठरवून ठेवलेला आहे. ही माहिती हाताशी नसेल तर तोच रितेपणा कुणाला घाईचं काम वाटेल.

उलट प्रकारही असतात. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचा जॉन फोगर्टी १९७३ मध्ये 'द ब्लू रिज रेंजर्स' या नावाने आला. नाव बँडचं, पण सगळी वाद्यं आणि सगळे आवाज त्याचेच. तो अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा आहे, त्यामुळे आपल्या आजच्या विषयात तो बसत नाही, पण नावावर विसंबू नये हे त्यातून पक्कं कळतं.

पायरी ५: पहिलं ऐकणं, आणि ड्रम्स नसण्याचा अर्थ

शफल बंद करा. हेडफोन लावा. आवाज वाढवू नका. शब्दांचा कागद समोर नको, फोन उपडा ठेवा. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्याच क्रमाने जाऊ द्या.

आता कान कुठे लावायचे? इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

माणूस साधं बोलतो तेव्हा आवाज साधारण ६० डेसिबल असतो. जोरात वाजणारा ड्रमसेट १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो आणि त्याच्या बरोबरीने गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर चढलेले असतात. अशा गोंगाटासमोर उभ्या राहणाऱ्या गायकाला आवाज वर न्यावाच लागतो. तो पट्टी चढी घेतो, स्वर ताणतो, व्यंजनं ठोकतो, कारण मऊ उच्चार झांजांच्या आवाजात विरून जातात. ओळी आखूड ठेवतो, म्हणजे दोन ओळींच्या मध्ये गिटारला जागा मिळते. वर्षानुवर्षं असं गाऊन तोच त्याचा आवाज बनतो, आणि आपण ज्याला 'रॉक गायकी' म्हणतो त्यातलं निम्मं तरी या झटापटीतून आलेलं आहे.

ड्रम्स बाजूला झाले की ही झटापट संपते. गायक माईकच्या अगदी जवळ येऊ शकतो. एका बाजूनेच ऐकणाऱ्या माईकजवळ तोंड नेलं की आवाजातला खर्ज फुगतो आणि कुणी कानाशी बोलतंय असं वाटतं. श्वास घेतलेला ऐकू येतो. शब्दाचं शेवटचं अक्षर सोडून देता येतं. ओळ लांब करता येते, मध्येच थांबता येतं. 'इन्टू द वाइल्ड'मधला व्हेडर आणि पर्ल जॅमच्या सुरुवातीच्या अल्बममधला व्हेडर यांत जो फरक आहे, तो वयाचा आणि मनःस्थितीचा असेलच, पण त्याआधी तो समोर काय वाजतंय याचा आहे.

एलियट स्मिथच्या 'रोमन कँडल'मध्ये तर हे टोकाला गेलेलं आहे. चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे टिपून एकत्र करणाऱ्या यंत्रावर, घरात केलेलं रेकॉर्डिंग. गाणं जवळजवळ कुजबुजीत. अनेक ठिकाणी त्याने तीच ओळ पुन्हा गाऊन पहिल्या आवाजावर बसवलेली आहे, त्यामुळे एकच माणूस दोन ठिकाणांहून बोलतो असा भास होतो. त्यातल्या चार गाण्यांना धड नावंही नाहीत, 'नो नेम' आणि पुढे आकडा. हीटमायझरचं एखादं गाणं आधी ऐकून लगेच हा अल्बम लावा. आवाज ओळखायलाच काही क्षण जातील.

आणखी काय ऐकायचं? गिटारच्या जाड तारांवरून डावा हात सरकताना होणारी किरकिर. टेपची सुरसुर. खोली. 'मॅकार्टनी'मधलं पहिलंच गाणं पाऊण मिनिटाचं आहे, त्यात दाराची करकर ऐकू येते आणि शेवटी गाणारा हसतो. पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडलेल्या सिड बॅरेटच्या 'द मॅडकॅप लाफ्स'मध्ये, १९७० च्याच, एका गाण्याची चुकलेली सुरुवात तशीच ठेवलेली आहे. हे ठेवणं योग्य होतं का, यावर आजही चाहत्यांत दुमत आहे. मला ते ऐकताना त्रास होतो, पण काढून टाकलेलंही आवडलं नसतं.

ड्रम्स नसणं म्हणजे सगळं शांतच असणार, असं मात्र धरून चालू नका. 'प्लास्टिक ओनो बँड'मध्ये रिंगोचे ड्रम्स आहेत आणि पहिल्या गाण्याच्या अखेरीला लेनन अक्षरशः किंचाळतो. पण मागे इतकं थोडं वाजतंय की त्या किंचाळण्याला टेकायला जागा नाही.

'नेब्रास्का' घडला कसा, हेही इथेच सांगायला हवं. स्प्रिंगस्टीन तेव्हा न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथे भाड्याच्या घरात राहत होता. १९८१-८२ च्या हिवाळ्यात त्याने टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ १४४ मागवला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं हे यंत्र १९७९ मध्ये निघालेलं आणि त्या प्रकारचं पहिलंच होतं. दोन माईक, एक गिटार, हार्मोनिका, थोडी किरकोळ वाद्यं. गिटार आणि आवाज दोन ट्रॅकवर एकदमच घेतले, उरलेल्या दोनवर हवं ते भरलं. ही सगळी तयारी त्याच्या बँडला, ई स्ट्रीट बँडला, गाणी शिकवण्यापुरती होती. बँडबरोबर स्टुडिओत प्रयत्न झाले, पण कॅसेटवर जे होतं ते काही केल्या उतरेना. कव्हरही नसलेली ती कॅसेट तो खिशात घालून फिरत होता. शेवटी तीच कॅसेट अल्बम म्हणून काढायचं ठरलं. तिच्यावरचा आवाज इतका दबका होता की तो रेकॉर्डवर उतरवताना तंत्रज्ञांना घाम फुटला. सप्टेंबर १९८२ मध्ये अल्बम आला आणि त्याच्यासाठी दौरा झाला नाही.

हे माहीत असलं की त्यातला धूसरपणा खटकत नाही. ऐकणारा कुणी समोर नाही असं समजून गायलेली ही गाणी आहेत, आणि अल्बमभर ते जाणवत राहतं.

पायरी ६: दुसरं ऐकणं, शब्द समोर ठेवून

दुसऱ्या दिवशी शब्द काढा. इंग्रजी अवघड वाटत असेल तर आधी वाचून घ्या, मग ऐका. घाई नको, एका बैठकीत तीन-चार गाणी झाली तरी पुष्कळ.

नवखे श्रोते इथे एक ठरावीक घोटाळा करतात. एकटा माणूस, हळू आवाज, 'मी' असा शब्द, म्हणजे तो स्वतःचीच कहाणी सांगतोय असं धरलं जातं. दर वेळी तसं नसतं. 'नेब्रास्का'च्या शीर्षकगीतातला 'मी' हा खुनी आहे. १९५८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स स्टार्कवेदरने केलेल्या हत्यासत्रावर ते गाणं बेतलेलं आहे आणि निवेदन त्याच्याच तोंडी आहे. पुढच्या गाण्यांत कर्जात बुडालेला तरुण आहे, भावाला पळून जाऊ देणारा पोलीस आहे. तो पोलीस 'मी' म्हणतो तेव्हा स्प्रिंगस्टीन त्याच्या जागी उभा राहून बोलतो. मग त्याच अल्बममध्ये वडिलांच्या घराबद्दलचं गाणं येतं आणि आपण अडखळतो, कारण हा 'मी' खूपच जवळचा वाटायला लागतो. दुसऱ्यांच्या इतक्या तोंडून बोलून झाल्यावर हा माणूस हळूच स्वतःपाशी येतो, आणि ती वाट शब्द वाचल्याशिवाय दिसत नाही.

व्हेडरचा अल्बम चित्रपटातल्या तरुणासाठी लिहिलेला, त्यामुळे तिथेही 'मी' उसना आहे. लेननचा 'मी' मात्र उसना नाही. वडील सोडून गेलेले, आई १९५८ मध्ये मोटारीच्या धडकेने गेलेली, आणि आर्थर जॅनोव्हकडे नुकतीच घेतलेली मानसोपचाराची सत्रं, हे सगळं त्या गाण्यांत सरळ उतरलं आहे. 'गॉड' या गाण्यात तो ज्यांच्यावर विश्वास नाही अशांची यादी देतो आणि ती यादी स्वतःच्या बँडच्या नावावर येऊन थांबते. बँडच्या गायकाने एकट्याने गायचं म्हणजे काय, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुणी म्हटलेलं मला ठाऊक नाही.

तेव्हा प्रत्येक गाण्याशी एक साधा प्रश्न ठेवा: इथे बोलतंय कोण? उत्तर लिहून ठेवलंत तर आणखी बरं.

पायरी ७: एकच गाणं, दोन रूपं

ही पायरी मला सगळ्यात प्रिय आहे आणि बहुतेक लोक हीच वगळतात. एकच गाणं एकट्याने गायलेलं आणि बँडसोबत गायलेलं, असं लागोपाठ ऐका. चार गोष्टी टिपा: लय हळू झाली की जलद, पट्टी उतरली का, धृपदाला गाणं कुठे उचललं जातं, आणि आधी कधीच न ऐकू आलेली कोणती ओळ आता ऐकू आली.

जोड्या अशा घ्या. कॉर्नेलचा २०११ चा 'साँगबुक' हा मैफलींत गिटारवर गायलेल्या गाण्यांचा अल्बम आहे. त्यात 'ब्लॅक होल सन' आणि 'फेल ऑन ब्लॅक डेज' ही साऊंडगार्डनची, 'लाइक अ स्टोन' हे ऑडिओस्लेव्ह या त्याच्या दुसऱ्या बँडचं. मूळ रूपं सहज सापडतील. विल्को या बँडचा गायक जेफ ट्वीडी याने २०१७ च्या 'टुगेदर अ‍ॅट लास्ट'मध्ये विल्को आणि इतर बँडसाठी केलेली स्वतःचीच गाणी एकट्याने गायली आहेत. ज्यांना विल्कोचे गुंतागुंतीचे अल्बम जड जातात त्यांना गाण्याचा सांगाडा इथे दिसेल. मॅकार्टनीचं 'मेबी आय'म अमेझ्ड' १९७० मध्ये त्याने सगळी वाद्यं वाजवून केलं आणि १९७६ मध्ये विंग्ज बँडसोबत मंचावर गायलं. दोन्ही ऐका. एकट्याच्या रूपात एक घाबरलेपण आहे, बँडच्या रूपात तीच भावना खात्रीने सांगितल्यासारखी येते. मला पहिलं जास्त आवडतं, पण दुसरं अधिक गाजलं, आणि का गाजलं तेही ऐकताना कळतं.

वेगळ्या प्रकारची एक जोडी आहे. स्क्रीमिंग ट्रीजचा गायक मार्क लॅनेगन याच्या १९९० च्या 'द वाइंडिंग शीट'वर 'व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट' हे जुनं लोकगीत आहे, आणि त्यात कर्ट कोबेन व क्रिस्ट नोव्होसेलिक या निर्वाणा बँडच्या दोघांची साथ आहे. नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या मैफलीत निर्वाणाने तेच गाणं अखेरीला घेतलं आणि ते जगभर पोचलं. लॅनेगनचं ऐकल्यावर कोबेनच्या आरोळीची मुळं कुठे होती हे ध्यानात येतं.

आणि 'नेब्रास्का'चं काय? 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गाणं त्याच कॅसेटच्या दिवसांत, गिटारवर, खिन्न सुरात झालेलं होतं. १९८४ मध्ये ते मोठ्या ड्रम्ससह आलं आणि अनेकांनी त्याला देशाभिमानाचं गीत मानलं, तर शब्द युद्धावरून परतून वाऱ्यावर सोडलेल्या सैनिकाचे. घरचं रूप १९९८ च्या 'ट्रॅक्स' या संचात निघालं. ते आधी ऐका, मग १९८४ चं. शब्द तेच ठेवून वाद्यं गाण्याचा अर्थ किती फिरवू शकतात, याचा इतका ठळक दाखला शोधून सापडणार नाही. २०२५ मध्ये 'नेब्रास्का'चा वाढीव संच आला, त्यात बँडसोबतचे ते फसलेले प्रयत्नही आहेत. कॅसेटच का निवडली गेली, याचा निवाडा आता तुमचा तुम्हाला करता येईल.

पायरी ८: आवडलं नाही तर

दोनदा नीट ऐकूनही अल्बम भावला नाही, तर तो तुमचा कमीपणा नाही. या प्रकारात खरोखरच काही दोष वारंवार दिसतात. बँडमध्ये कुणीतरी 'हा अंतरा काप', 'हे गाणं नको' म्हणणारं असतं. एकट्याला ते कुणी म्हणत नाही. मग सलग सहा गाणी एकाच लयीत येतात, शब्द स्वतःभोवतीच फिरतात, आणि अल्बम हवा त्यापेक्षा लांबतो. व्हेडरचा २०११ चा 'युकुलेले साँग्ज' मला गाणी म्हणून आवडतो, पण एका छोट्या वाद्याच्या रंगावर तो पूर्ण ऐकताना कान थकतो. तो मी दोन भागांत ऐकायला सुचवेन.

आवडलं नाही याचं कारण मात्र शोधा. आवाज आवडला नाही, शब्द पोचले नाहीत, की नुसती बँडची सवय आड आली? पहिल्या दोन्हींवर उपाय दुसरा गायक. तिसऱ्यावर उपाय एकच: मध्ये काही आठवडे जाऊ द्या आणि त्या काळात त्या बँडचं काहीही ऐकू नका. मग अल्बम पुन्हा लावा.

पायरी ९: परत बँडकडे, आणि मग पुढे

आता बँडचे अल्बम काढा, शक्यतो सोलो अल्बमनंतरचे. एलियट स्मिथनंतर हीटमायझरचा शेवटचा, १९९६ चा 'मिक सिटी सन्स' ऐका. घरात कुजबुजणारा माणूस तोवर बँडच्या आत येऊन पोचलेला आहे. कॉर्नेलनंतर पुन्हा एकत्र आलेल्या साऊंडगार्डनचा २०१२ चा 'किंग अ‍ॅनिमल'. 'नेब्रास्का'नंतर १९८४ चा 'बॉर्न इन द यू.एस.ए.' अख्खा, आणि त्यातल्या 'आय'म ऑन फायर'कडे खास लक्ष. तिथे ड्रम्स वाजताहेत, तरी स्प्रिंगस्टीन आवाज चढवत नाही.

पुढचा अल्बम शोधण्यासाठी याद्यांपेक्षा चौथ्या पायरीतली बारीक अक्षरं कामी येतात. एखाद्या साथीदाराचं किंवा निर्मात्याचं नाव घ्या आणि त्याने आणखी कुणाबरोबर काम केलं ते बघा. 'युफोरिया मॉर्निंग'वरचा अ‍ॅलन जोहान्स तुम्हाला मार्क लॅनेगनच्या २०१२ च्या 'ब्लूज फ्यूनरल'पर्यंत नेईल, तो अल्बम त्याने निर्माता म्हणून केलेला आहे. 'द इरेझर'चा निर्माता नायजेल गॉडरिच रेडिओहेडच्या अल्बमकडे परत नेईल. लॅनेगनच्या १९९० च्या अल्बमवरून त्याच्याच १९९४ च्या 'व्हिस्की फॉर द होली घोस्ट'कडे जा, तो मला त्याहून मोठा वाटतो. तिथे पोचलात की मग दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.